फटाका गल्लीत नको, मैदानावर हवा



आपल्या भडगाव परिसरात दिवाळी आणि कापूस एकाच सुमारास घरात येतात. वेचलेला कापूस ओसरीवर, माडीवर, पत्र्याच्या खोलीत भाव वाढायची वाट पाहत पडलेला असतो. खळ्यात चाऱ्याची गंजी असते. आणि त्याच गल्लीतून रॉकेट सुटतं. ते कुठे पडेल हे सोडणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि ज्याच्या छपरावर पडतं त्याला कुणी विचारलेलं नसतं. खासगी फटाक्यांवर माझा पहिला आक्षेप हाच आहे.

आवाजाचंही तसंच. फटाका फुटतो तिथून 4 मीटरवर आवाज 125 डेसिबलपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. गावठाणातल्या कितीतरी गल्ल्या 4 मीटर रुंदसुद्धा नाहीत! म्हणजे नियमात बसणारा फटाकाही उंबऱ्यातल्या म्हातारीला, पाळण्यातल्या बाळाला नियमापेक्षा मोठाच ऐकू येतो. दाव्याला बांधलेली म्हैस तर पळूही शकत नाही. धुराचं म्हणाल, तर नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने हरित फटाके तयार केले, त्यांचा धूर सुमारे 30 टक्के कमी. उरलेला धूर आपल्याच छातीत जातो.

मग सरसकट बंदी का नको? कारण ती टिकत नाही. बीजिंगने 1993 साली शहरात फटाके बंद केले. लोक वाजवत राहिले आणि 2005 मध्ये बंदी शिथिल करावी लागली. दिल्लीत अनेक वर्षं संपूर्ण बंदी असूनही दिवाळीची रात्र धुरात गेली. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच हरित फटाक्यांना मुभा दिली. याच न्यायालयाने 2018 साली दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली, माळांवर आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली. पण फटाका क्षणात फुटतो, पुरावा जळून जातो आणि वाजवणारा शेजारच्याच घरातला मुलगा असतो. हवालदार प्रत्येक बोळात कसा उभा राहणार?

तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात कोल्लुकुडीपट्टी नावाचं गाव आहे. शेजारच्या वेट्टंगुडी अभयारण्यात येणारे पक्षी बिथरू नयेत म्हणून तिथले लोक कित्येक दशकं दिवाळीत फटाके वाजवत नाहीत. फटाक्यांचं माहेरघर शिवकाशी त्याच राज्यात, तरीही! हे त्यांच्यावर कुणी वरून लादलेलं नाही. आपण कुणासाठी थांबतो आहोत हे त्या गावाला रोज डोळ्यांसमोर दिसतं. आपल्याकडे तर पक्ष्यांइतकं लांब जायलाही नको. कापूस आपला, जनावरं आपली, म्हातारी माणसं आपली.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. गल्लीत फटाका नको. वस्तीपासून दूर एक मैदान ठरवा, तिथे पाण्याचा बंब उभा करा, दोन तास द्या, आणि ज्याला हौस आहे त्याने तिथे यावं. लग्नाच्या वरातीला आणि निवडणुकीच्या गुलालालाही हाच नियम लावा. कारवाई करायची ती पोरांवर नको, बेकायदा माल विकणाऱ्या दुकानावर करा. दुकान जागेवर सापडतं. शहरात हे नगरपरिषदेने ठरवावं, खेड्यांत ग्रामसभेने, आणि तेही पावसाळ्यातच. दसरा उलटला की माल दुकानात भरलेला असतो, मग कुणीच ऐकत नाही.