सांगलीला जावे की न जावे
(एका नागरिक व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



मुंबई-ठाण्याच्या मध्यमवर्गीय घरांत एक विषय वारंवार निघतो. बहुधा रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर निघतो. "आता पुरे झाले, कुठेतरी लहान शहरात जाऊन शांतपणे राहावे," असे घरातील कोणीतरी म्हणते, इतर माना डोलावतात, आणि सोमवारी सकाळी सव्वासातच्या लोकलच्या गर्दीत तो विषय फलाटावरच राहून जातो. २०२० च्या टाळेबंदीत मात्र तो प्रथमच बोलण्यापलीकडे गेला. कार्यालये घरात आली, घरे गावाकडे गेली, आणि महानगराबाहेर राहूनही चरितार्थ चालू शकतो, असा अनुभव अनेकांनी घेतला. पुढे बहुतेक कार्यालयांनी माणसांना परत बोलावले. पण एकदा मनात आलेला विचार परत पाठवता येत नाही.

या प्रश्नाची चर्चा हवेत करण्यापेक्षा एका कुटुंबाच्या आधारे केलेली बरी. डोंबिवलीतील दोन खोल्यांच्या घरात राहणारे हे चौघांचे कुटुंब. गृहस्थ चोपन्न वर्षांचे, फोर्टमधील एका खासगी कंपनीत लेखापाल. पत्नी विमा क्षेत्रातील सरकारी कंपनीत, म्हणजे बदली मागता येण्याजोग्या नोकरीत. मुलगी अकरावीत. आणि गृहस्थांच्या मातोश्री, वय एकोणऐंशी. त्या मूळच्या सांगलीच्या, गावभागातल्या. लग्नानंतर मुंबईकडे आल्या त्याला आता साठ वर्षे होत आली; परंतु आजही त्यांच्या बोलण्यात नदी म्हणजे कृष्णा, पूल म्हणजे आयर्विन आणि गणपती म्हणजे सांगलीचा गणपती. "शेवटचे दिवस कृष्णाकाठी जावेत," ही त्यांची इच्छा. त्यांनी ती आग्रहाने कधी मांडली नाही, म्हणूनच ती मुलाला अधिक जड वाटते.

गृहस्थ लेखापाल असल्याने त्यांनी प्रथम हिशेब मांडला. घरापासून कार्यालयाच्या दारापर्यंत पावणेदोन तास, परतताना तेवढेच. दिवसाला साडेतीन तास. वर्षाचे कामाचे दिवस २७० धरले, तर ९४५ तास होतात. म्हणजे वर्षातले सुमारे चाळीस अहोरात्र ते लोकलमध्ये, फलाटावर आणि जिन्यांवर काढतात. तीस वर्षांच्या नोकरीत तीन वर्षांहून अधिक काळ उभ्याने गेला! हा आकडा त्यांनी पत्नीला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "अहो, माझेही तेवढेच धरा की!" तो त्यांनी धरलाच नव्हता. आपल्याकडील पुष्कळ कौटुंबिक हिशेबांत ही चूक होते, एवढे जाता जाता नोंदवायला हवे.

आता सांगलीकडे पाहावे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. मुंबईची सव्वा कोटीच्या आसपास. लहान शहर म्हणजे मागासलेले शहर, अशी एक समजूत महानगरात असते. सांगलीच्या बाबतीत ती टिकत नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले ते याच गावी. 'शारदा'कार गोविंद बल्लाळ देवल हे शेजारच्या हरिपूरचे. विलिंग्डन महाविद्यालय १९१९ चे, वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. मिरजेत आजही सतारी आणि तंबोरे घडतात, त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्याच गावात गाणे होते.

वृद्धांच्या दृष्टीने तर मिरजेचे महत्त्व निराळेच आहे. विल्यम वॉन्लेस या अमेरिकन मिशनशी संबंधित शल्यविशारदाने १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू केले. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातील रुग्णांचे ते हक्काचे ठिकाण झाले. अपरात्री छातीत दुखू लागले, तर विश्रामबागेतून मिरजेला पोहोचायला किती वेळ लागतो आणि डोंबिवलीहून मोठ्या रुग्णालयाला किती, याची तुलना ज्याने एकदा अनुभवाने केली आहे त्याला अधिक सांगावे लागत नाही. अर्थात काही दुर्मीळ शस्त्रक्रियांसाठी पुणे-मुंबई गाठावीच लागते. शिवाय आपल्या आरोग्यविम्याच्या यादीत तेथील कोणती रुग्णालये आहेत, हे आधी पाहणे आवश्यक. रोख न भरता उपचार होतील हे गृहीत धरून गेलेली माणसे ऐन वेळी दागिने मोडतात.

घराचे गणित वरवर तर मोहकच आहे. डोंबिवलीतील दोन खोल्या विकून विश्रामबागेकडे त्याहून प्रशस्त घर येते आणि काही रक्कम ठेवीतही राहते. भाजी ताजी, दूध चांगले. परंतु पेट्रोल, गॅस, औषधे आणि शिकवण्यांचे शुल्क गाव पाहून स्वस्त होत नाही. महानगरात लोकलचा पास काढला की काम भागते. सांगलीत प्रत्येक कमावत्या आणि शिकत्या माणसाला दुचाकी लागते. आणि हिशेबातील सर्वांत मोठी बाब कोणत्याच रकान्यात बसत नाही. महानगरातील घराच्या किमती ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने लहान शहरातील वाढत नाहीत. म्हणून डोंबिवलीतून सांगलीला घर विकून जाता येते, सांगलीतून डोंबिवलीला घर विकून परतता येत नाही.

मग गृहस्थांच्या नोकरीचे काय? हा प्रश्न त्यांनी सहा महिने टाळला. कंपनीने आठवड्यातून दोन दिवस कार्यालयात यावे अशी सवलत दिली, तरी महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून दर आठवड्याला मुंबई गाठणे हे पंचावन्नाव्या वर्षी सुरू करण्याचे काम नव्हे. सांगलीत हळदीची पेठ आहे, बेदाण्यांचा मोठा व्यापार आहे, कुपवाडला औद्योगिक वसाहत आहे. हिशेबनीसाला काम मिळेल. पण वेतन निम्म्यावर येण्याची तयारी ठेवावी लागेल, आणि त्याहून अवघड म्हणजे, तीस वर्षांत मिळवलेला हुद्दा एका दिवसात पुसला जाईल. "माझी ओळख फोर्टमध्ये आहे, तिथे मला कोण ओळखतो?" असे ते म्हणाले. पत्नीने विचारले, "डोंबिवलीत तरी तुम्हाला कोण ओळखतो? तुम्ही असता कुठे इथे?"

मुलीचा विरोध अधिक स्पष्ट होता. तिचे म्हणणे घरातील वडीलधाऱ्यांनी लाडाचा हट्ट म्हणून बाजूला सारले, ते योग्य नव्हते. वालचंदसारखे महाविद्यालय सांगलीत आहे. पण तेथून पदवी घेतलेली मुले-मुली मोठ्या संख्येने पुण्याला आणि बंगळूरुला जातात. सांगली आपल्या मुलांना उत्तम शिकवते आणि मग त्यांना निरोप देते. तिच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती तिने आजीजवळ बोलून दाखवली. डोंबिवलीत रात्री साडेनऊला क्लासहून परतले तरी कोणी मान वर करून पाहत नाही. लहान शहरात समोरच्या ओट्यावरून विचारणा होते, "काय गं, आज उशीर?" तीच विचारणा आजीला हवीहवीशी वाटते आणि नातीला नकोशी. दोघींचेही खरे आहे. ज्या शेजारधर्मापोटी रात्री दोन वाजता कोणीतरी दार ठोठावून वृद्ध माणसाला दवाखान्यात नेते, तोच शेजारधर्म कोण कोणाबरोबर फिरते याचीही नोंद ठेवतो. यातला एक भाग हवा आणि दुसरा नको, असे म्हणून चालत नाही.

आणि डोंबिवलीवरही अन्याय होता कामा नये. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा ज्या नगरातून सुरू होऊन महाराष्ट्रभर पसरली, जेथे ग्रंथालये आणि नाट्यगृह टिकून आहेत, ते नगर केवळ झोपण्यापुरते आहे असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. मातोश्रींचे भजनी मंडळ तीस वर्षांचे आहे. त्यांच्या सांगलीतील मैत्रिणी किती राहिल्या आहेत? चौकशी केली तेव्हा दोन निघाल्या; एक मुलाकडे पुण्याला, दुसरी अंथरुणाला खिळलेली.

आता ज्या गोष्टीमुळे हा निर्णय जवळजवळ फिरला, ती सांगायला हवी. ती म्हणजे पाणी.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. कऱ्हाडला तिला कोयना मिळते, आणि कोयनेच्या मागे शंभर टीएमसीहून अधिक क्षमतेचे धरण आहे. सांगलीच्या लगत, हरिपूरला वारणा मिळते. पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येते. सह्याद्रीवर आठवडाभर पाऊस कोसळला की या साऱ्या नद्या एकाच वेळी फुगतात, धरणांतून विसर्ग करावा लागतो, आणि पुढचे पात्र आधीच तुडुंब असल्याने सांगलीचे पाणी ओसरत नाही. फुगवटा मागे सरकतो. आयर्विन पूल १९२९ चा. त्या पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २००५ मध्ये पाणी ती ओलांडून बरेच वर गेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर पोहोचले, निम्मे शहर पाण्याखाली गेले आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे बचावासाठी निघालेली बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर.

हरिपूरची हळदीची पेवे ही सांगलीची एक जुनी ओळख. जमिनीच्या पोटात खोल खणलेली कोठारे; त्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या पुरात या पेवांत पाणी शिरले आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती व्यवस्था मोडून पडली. ज्या मातीवर व्यापाऱ्यांनी इतका विश्वास टाकला, तिचा भरवसा एका पावसाळ्यात संपला.

मातोश्रींचा गावभाग नदीला लागून. घर शोधायला गृहस्थ जानेवारीत गेले, तेव्हा टिळक चौकाजवळचे एक जुने घर त्यांना फार आवडले. मजबूत भिंती, मागे विहीर, आणि किंमतही आश्चर्यकारक कमी. दलालाने पुराचा विषय काढला नाही. गृहस्थ समोरच्या चहाच्या टपरीवर बसले आणि सहज विचारले. टपरीवाल्याने उत्तर देण्याऐवजी हात वर करून शेजारच्या दुकानाच्या फळीकडे बोट दाखवले. फळी जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर होती. "तिथंवर होतं ओ. आठ दिवस. गेल्यावर हा एवढा गाळ," असे म्हणून त्याने गुडघ्याला हात लावला. घर स्वस्त का, याचे उत्तर त्या फळीवर होते.

सांगलीत घर घेऊ पाहणाऱ्याने जानेवारीत नव्हे, जुलैअखेरीस जावे. महापालिकेकडे पूररेषेची चौकशी करावीच, परंतु दूधवाला, पोस्टमन आणि टपरीवाला यांनाही विचारावे. विश्रामबाग, मिरजेकडचा भाग तुलनेने उंचावर आहे. शामरावनगरसारखी सखल वस्ती तशी नाही. कागदावर दोन्ही पत्ते सांगलीचेच.

या साऱ्यानंतर त्या कुटुंबाने काय केले? घर विकले नाही. डोंबिवलीची जागा तशीच ठेवली. मुलीची बारावी होईपर्यंत ती आणि वडील तेथेच राहणार. पत्नीने बदलीचा अर्ज दिला व तो मंजूर झाला. विश्रामबागेत तळमजल्यावर एक जागा अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतली. सासू आणि सून मे महिन्यात सांगलीला गेल्या. म्हणजे सांगलीचा कडक उन्हाळा आणि पाठोपाठ एक पूर्ण पावसाळा दोघींना तेथे काढता येईल. मुलगा दर पंधरा दिवसांनी रात्रीच्या गाडीने येतो. ही व्यवस्था खर्चाची आहे, दोन चुली आहेत, आणि नवरा-बायकोने विसाव्या वर्षी केली असती तर सोसली असती अशी ओढाताण पन्नाशीत करावी लागते आहे. "सांगलीला आलात आणि संसार मात्र विभागला," असा टोमणा नातेवाइकांनी मारला, तो अगदीच चुकीचा नाही.

मातोश्रींना पहिल्याच आठवड्यात सून घाटावर घेऊन गेली. त्या बराच वेळ पायरीवर बसल्या. नदी आटलेली होती, पाण्याला वास येत होता, पलीकडे पुलावर वाहनांची रीघ. "इतके पाणी कमी नव्हते कधी उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. मग रिक्षात बसताना त्यांनी सुनेला विचारले, "डोंबिवलीच्या भजनाला मंगळवारी कोण कोण येते, फोन करून विचारशील का गं?"

कराराचे आणखी सात महिने शिल्लक आहेत.