साबणाचा हिशेब

वर्ध्याच्या मगनवाडीतून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम चाले. संघ स्थापन झाला १९३४ साली, चिटणीस जे. सी. कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांच्या जोडीला साबणही त्या उद्योगांत होता. आज बचत गटांतल्या ताई कडुनिंबाच्या, मोहाच्या तेलाचा साबण करू लागल्या, की कधीकधी एक तक्रार कानावर येते : वडी छान झाली, पण हात चरचरतात.

अशा वेळी शिव्या कॉस्टिक सोड्याला बसतात. चुकलेलं असतं बहुधा माप. तेलाच्या एका रेणूला कॉस्टिकचे तीन रेणू लागतात. त्यातून साबणाचे तीन रेणू आणि ग्लिसरीनचा एक तयार होतो. कॉस्टिकचा रेणुभार ४०, तिघांचा मिळून १२०. निव्वळ ओलिक आम्लाचं तेल धरलं तर त्याचा रेणुभार ८८५. ८८५ ग्रॅम तेलाला १२० ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे किलोला सुमारे १३६. त्रैराशिकच आहे हे. घरातली शाळकरी मुलगीही करून देईल.

खोबरेल तेलाची गोष्ट वेगळी. त्यात लॉरिक आम्ल जास्त, आणि निव्वळ लॉरिकच्या तेलाचा रेणुभार ६३९. किलोत संत्री कमी बसतात, लिंबं जास्त. तसे किलोभर खोबरेलात रेणू जास्त, आणि तीन तर प्रत्येकाला हवेतच. हिशेब १८८ ग्रॅमवर जातो. इतरही आम्लं मिसळलेली असल्यामुळे प्रत्यक्षात १८३च्या आसपास लागतो. आता खोबरेलाचं हेच माप कडुनिंबाच्या तेलाला लावलं, तर किलोमागे पंचेचाळीसेक ग्रॅम कॉस्टिक वडीत तसाच उरतो. हात चरचरणार नाहीत तर काय! उलट अदलाबदल झाली तर वडी मऊ आणि तेलकट. ती निदान कातडी तरी जाळत नाही.

म्हणून जाणकार पाच टक्के कॉस्टिक हातचा राखतात : १३६च्या जागी १२९-१३०. मात्र उघडं राहिलेलं पाकीट हवेतला ओलावा ओढून घेतं. मग वजन भरतं, जोर भरत नाही.

तेव्हा तेल बदललं की हिशेब नव्याने मांडा, आणि माप वाटीने नको, काट्यावर घ्या. भांडं स्टीलचं असू द्या, ॲल्युमिनिअमचं अजिबात नको. कॉस्टिक पाण्यात थोडाथोडा सोडा. कॉस्टिकवर पाणी कधीही ओतू नका.