खेळाडू विद्यार्थी आणि एजंटाचा करार



अमेरिकेत विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या अनेक मुलांचे शिक्षण शिष्यवृत्तीवर चालते. त्यांत गरीब घरची, कृष्णवर्णीय मुले पुष्कळ. व्यावसायिक संघाशी बोलणी करून देणारा एजंट कॉलेज संपण्याआधीच अशा मुलाकडे येतो, हातावर पैसे ठेवतो आणि सही घेतो. सही उघडकीस आली की मुलगा कॉलेजकडून खेळण्यास अपात्र ठरत असे.

१९८० च्या दशकात नॉर्बी वॉल्टर्स नावाच्या एजंटाने ५८ फुटबॉलपटूंशी असे करार केले. त्यांवर पुढची तारीख टाकून ते तिजोरीत ठेवले. पण ५६ खेळाडूंनी पैसे ठेवून घेतले आणि दुसरे एजंट धरले! मग धमक्या सुरू झाल्या. पैसे परत न केल्यास पाय मोडू, असे एका खेळाडूला सांगण्यात आले. हे न्यायालयाच्या निकालातच नमूद आहे. वॉल्टर्स दोषी ठरला, परंतु १९९३ साली वरच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आरोप टपालाद्वारे फसवणुकीचा होता, तो टिकला नाही. एजंटांसाठी देशभर लागू असा कायदाच तेव्हा नव्हता.

२००० साली राज्यांसाठी नमुना कायदा तयार झाला. एजंटाने नोंदणी करावी, खेळण्याची पात्रता जाऊ शकते हा इशारा करारात ठळक अक्षरांत द्यावा, ७२ तासांत किंवा त्याआधी सामना असल्यास सामन्यापूर्वी कॉलेजला कळवावे. विद्यार्थ्याला १४ दिवसांत करार मोडता येतो, आणि सहीसाठी एजंटाने दिलेले पैसे परत करावे लागत नाहीत. आम्हांला हे कलम सर्वांत शहाणपणाचे वाटते. पैसे घरभाड्यात गेलेल्या मुलाला 'करार मोड' असे नुसते सांगून काय उपयोग?

२००४ च्या केंद्रीय कायद्याने खोटी आश्वासने, भेटी व खोट्या तारखा यांस मनाई केली. भेट मुलाच्या निकटच्या माणसालाही देता येत नाही. मुलगा अठराच्या आतला असल्यास पालकांची सही लागते.

जुलै २०२१ पासून विद्यार्थ्यांना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची, त्यासाठी एजंट नेमण्याची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठेही थेट पैसे देऊ लागली. त्यामुळे एजंट आता उघडपणे येतो, आणि जुने कायदे या नव्या व्यवहाराला कितपत पुरतील यावर तिकडे वाद चालू आहे.

विद्यार्थी मित्रांना काही विचारायचे असल्यास त्यांनी खुशाल विचारावे.