दंग्यात काय जळाले आणि काय उरले
(वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



आपली बहुतेक घराणी शेतीवर वाढलेली आहेत. म्हणून शेतकऱ्याची मालमत्ता कशी जाते व ती कशी राखावी, याविषयी १८७५ सालच्या दख्खनच्या दंग्यांच्या आधारे चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ घरच्याच गोष्टीने करतो. आमचे मूळ घराणे भीमथडीचे. आमच्या घरी एक जुनी लाकडी पेटी असून तीत पणजोबांच्या वेळचे एक गहाणखत आहे. खाली सहीच्या जागी ‘निशाणी नांगर’ असे लिहून नांगराची आकृती काढलेली आहे. त्या खताचे पैसे फिटले होते, असे वडीलधारी माणसे सांगत आली. परंतु पावती नव्हती, आणि विहिरीवरचा मळा गेला. लहानपणी आम्हांस वाटे की मळा दंग्यात गेला असावा. पुढे इतिहास वाचल्यावर उमगले की असे मळे दंग्यापूर्वीच, अगदी शांतपणे, कागदावर गेलेले होते.

हे कसे घडले ते पाहू. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले. तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या तेजीत कर्ज सहज मिळे. युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच सुमारास, १८६७ साली, इंदापूर तालुक्यात फेरजमाबंदी होऊन सारा पुष्कळ वाढला. पुढे ती वाढ शेजारच्या तालुक्यांतही आली. हाती पैसा नाही आणि सारा तर रोख भरावयाचा, अशा पेचात कुणबी सावकाराच्या ओट्यावर गेला.

त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताची मुदत तीन वर्षांची ठरविली. कायद्याचा हेतू ऋणकोच्या हिताचा होता, परंतु परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी मुद्दल व व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. हिशेब करून पाहा. शंभर रुपये, दरसाल दर शेकडा चोवीस दराने घेतले, तर सरळ व्याजाने नऊ वर्षांत ३१६ रुपये होतात. तीच रक्कम दर तीन वर्षांनी नव्या खतात घातली, तर ५०९ रुपयांच्या घरात जाते. आणि ऋणकोने मध्यंतरी एक छदामही नवा घेतलेला नसतो!

शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या एका प्रतिष्ठित देशमुखांची हकीकत प्रसिद्ध आहे. सुमारे दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापोटी त्यांची मिळकत लिलावात गेली. १८७४ च्या अखेरीस भर गावातले त्यांचे राहते घर सावकार पाडू लागला. तेव्हा गाव पेटून उठले. सावकारांची जमीन कोणी कसू नये, त्यांची चाकरी कोणी करू नये, असे गावकऱ्यांनी ठरविले. हा बहिष्कार गावोगाव पसरला.

पुढे १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुपे येथे उठाव झाला. लोकांनी दुकाने लुटली व घरासही आग लावली. परंतु मागणी एकच होती : खते आणि वह्या बाहेर काढा! ही लाट पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील कित्येक गावी गेली. खते हाती आली की ती जाळावयाची आणि परतावयाचे, असाच प्रकार पुष्कळ ठिकाणी झाला. माणसांवर हल्ले त्या मानाने थोडे झाले.

पण बंधूंनो, दंग्याचा हिशेब तेथे मिटला नाही. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे धरली गेली व त्यांतील ५०१ जणांस शिक्षा झाल्या. ऐन पेरणीच्या तोंडावर कर्ता पुरुष कोठडीत गेला, तर त्या घराचे काय होत असेल, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. शिवाय दंगेखोर ठरलेल्या गावांवर ज्यादा पोलीस बसविण्यात आले आणि त्यांचा खर्च गावांच्याच माथी पडला. दंग्यात ज्याने काडीही उचलली नाही, त्यालाही तो भार सोसावा लागला. लुटल्या गेलेल्या दुकानदाराची बायकामुलेही उघड्यावर आली, हेही आम्ही विसरू इच्छीत नाही. आम्ही कोणत्याही जातीस दोष देण्यास उभे नाही. दोष त्या व्यवहाराचा होता, ज्यात एकास वाचता येत होते व दुसऱ्यास नव्हते.

सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. कर्जाचा मूळपासून हिशेब कोर्टाने पाहावा, खते नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावी, फेडीची पावती द्यावी, अशा तरतुदी त्यात होत्या. म्हणजे लोकांनी कागद जाळले आणि कायद्याने उत्तर दिले ते अधिक चोख कागदाचेच! आमच्या मते या प्रकरणाचे सार यातच आहे.

आज काळ पालटला आहे. सात-बाराचा उतारा संगणकावर घरबसल्या मिळतो. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा असून, बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. परंतु दाद मागावयाची तर हाती काही पुरावा हवा. न वाचता केलेली सही आणि पणजोबांचा नांगर यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

म्हणून आपणांस आमची नम्र विनंती आहे. प्रत्येक घरात कागदांची एक पेटी असावी आणि तिची माहिती घरातील स्त्रियांसही असावी. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. फेरफार वर्षातून एकदा तरी पाहावा. आणि आपल्यापैकी जे वकील, शिक्षक वा कारकून आहेत, त्यांनी समाजातील एखादी विधवा भगिनी वा वृद्ध शेतकरी कागद घेऊन आला, तर तो त्यास शब्दशः वाचून दाखवावा. आमच्या पणजोबांस असा एक माणूस भेटता, तर तो मळा कदाचित आजही आमचा असता.