रुग्ण सैनिक आणि आपले दोन तास



वसंत ऋतूत संध्याकाळी एकत्र बसून चार विचार ऐकावेत, ही चाल न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्याला १८७५ साली लावून दिली. आज आपण येथे जमलो आहो, तेही त्याच चालीने. आमचा विषय मात्र ऐकून घरी जाण्याचा नाही, उठून काही करण्याचा आहे. म्हणून आरंभीच आपली क्षमा मागून ठेवतो.

आपल्या कात्रजच्या नावाशी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. पहिली घाटाची. १६६३ साली लाल महालावर छापा घालून शिवाजी महाराज निघाले, तेव्हा बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटाकडे सोडून देण्यात आले. मोगलांची फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज सिंहगडाकडे सुखरूप गेले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. तेव्हापासून एखाद्याला भुलवून वाऱ्यावर सोडणे, याला मराठीत ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणू लागले. दुसरी गोष्ट पाण्याची. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळी, आपल्या तलावाचे पाणी नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेण्यात आले. ना पंप, ना इंजिन. केवळ उताराच्या आधाराने ते पाणी रात्रंदिवस वाहत राही. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पुढे त्यांची गरज लागणार आहे.

आता विषयाकडे वळू. आजारी, जखमी आणि अपंग झालेल्या सैनिकांची सेवा हा पुण्याच्या इतिहासाचाच एक भाग आहे. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट मुंबईत निघाली. ती पुढे खडकीला आली आणि आजही तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. हात किंवा पाय गमावलेल्या जवानाला तेथे नवा अवयव मिळतो आणि तो वापरण्याचे शिक्षणही मिळते. नागरिकांनाही तेथे उपचार मिळाले आहेत. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ साली, खडकीला पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र सुरू झाले. पाठीच्या कण्याला इजा होऊन ज्यांचे पाय, कित्येकांचे हातही, निकामी झाले, असे सैनिक तेथे राहतात. सगळेच रणांगणावर जायबंदी झालेले नसतात. कोणी डोंगरातल्या रस्त्यावर गाडी उलटून पडलेला असतो, तर कोणाला सरावाच्या वेळी अपघात झालेला असतो. कण्याला मात्र त्याचा हिशेब नसतो. वानवडीलाच सदर्न कमांडचे मोठे लष्करी रुग्णालय आहे. सैन्यातून निवृत्त झालेल्यांच्या उपचारांसाठी १ एप्रिल २००३ पासून स्वतंत्र आरोग्य योजनाही लागू आहे.

मग कोणी म्हणेल, सरकारने एवढे केले आहे, डॉक्टर आहेत, नर्सबाई आहेत. तेथे आम्हा नागरिकांचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आमचीच एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या उत्साहात आम्ही पंधरा-वीस जण शहरातल्या एका रुग्णालयात, माजी सैनिकांच्या खोल्यांत गेलो. फळे वाटली, भाषणे केली, छायाचित्रे काढली आणि दर बुधवारी चार वाजता येऊ, असे वचन देऊन आलो. सुरुवातीला सगळे जात होतो. गणपतीत निम्मे झालो. दिवाळीनंतर आम्ही तिघे उरलो आणि पुढे तेही चुकवू लागलो. तेथे सातारकडचे एक वृद्ध सुभेदार होते. एक अंग लुळे पडलेले, डोळ्यांनी दिसत नव्हते. आम्ही त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असू. ओळीने तीन बुधवार चुकवून आम्ही गेलो, तेव्हा नर्सबाई दारातच म्हणाल्या, “साहेब तिन्ही वेळा दाढी करून, कडक सदरा घालून तीन वाजल्यापासून बसले होते.” आम्ही खाली मान घालून आत गेलो. आमची चाहूल लागताच सुभेदारसाहेब हसले आणि म्हणाले, “या मंडळी! तुम्ही कात्रजचे ना? मग घाट दाखवणारच!”

ते हसले, आम्हांस हसता आले नाही. शत्रूला चकवण्यासाठी जे पलिते एकदा शिंगांवर पेटले, ते आम्ही आमच्याच माणसाच्या डोळ्यांपुढे नाचवले होते. त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की, रुग्ण सैनिकाला आपल्या कृतज्ञतेपेक्षा आपल्या नियमितपणाची गरज अधिक आहे. आज जे सांगावयाचे आहे, ते एवढेच.

नियमितपणाचे महत्त्व केवळ मनाच्या समाधानापुरते नाही, हे वैद्यकाच्या इतिहासावरूनही दिसते. एके काळी कण्याला इजा झालेला सैनिक फार दिवस जगत नसे. तो मरे तो बहुधा मूळच्या जखमेने नव्हे. एका कुशीवर पडून पडून अंगाला होणाऱ्या शय्याव्रणांनी आणि मूत्रमार्गात जंतू गेल्याने मरे. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे डॉक्टर लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांचा विभाग हाती घेतला. त्यांनी कोणती चमत्कारी मुळी शोधून काढली? कोणतीच नाही. रुग्णाची कूस दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, बदलायचीच, असा दंडक त्यांनी घालून दिला. स्वच्छता ठेवली, व्यायाम दिला, काम दिले, खेळ दिले. जी माणसे मरणाची वाट पाहत होती, ती चाकाच्या खुर्चीत बसून कामधंद्याला जाऊ लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडनला ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, गुटमन यांनी सोळा अपंग सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ तेथे आहे.

त्या रोपाचे एक फळ महाराष्ट्राच्या पदरातही पडले. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कण्याला इजा झाली. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. मधली शेहेचाळीस वर्षे आपण काय करीत होतो, हा प्रश्न आम्ही कोणा एकाला विचारीत नाही, स्वतःलाच विचारतो. आणि त्यातून दुसराही बोध घेतो: ज्यांच्याकडे आपण सेवेला जाणार, ते दयेचे विषय नव्हेत. कित्येक बाबतींत ते आपल्याहून कणखर आहेत.

आता त्या रास्त प्रश्नाचे उत्तर. नागरिकांनी करावयाचे काम कोणते? जे डॉक्टरांना वेळेअभावी करता येत नाही आणि नर्सबाईंच्या कामाच्या यादीत मावत नाही, ते. डोळे गेलेल्याला वाचून दाखवणे. हात निकामी झालेल्याच्या तोंडून ऐकून पत्र लिहिणे. हल्ली मोबाइलवर निरोप पाठवणे. बुद्धिबळाचा पट मांडून बसणे. संगणक, इंग्रजी संभाषण, हिशेब यांपैकी जे आपल्याला येते ते शिकवणे. चाकाच्या खुर्चीवरच्या खेळांच्या वेळी गुण मांडणे, पाणी देणे. आजाऱ्याच्या उशाशी महिनोन्‌महिने बसलेल्या पत्नीला दोन तास मोकळीक देणे. तिला बाजारात, देवळात, बँकेत जाऊन येता यावे. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण त्या माउलीला विचारा.

कागदाचे कामही मोठे आहे. आरोग्य योजनेत आधी पॉलिक्लिनिकमध्ये जावे लागते. तेथून चिठ्ठी मिळाली म्हणजे मोठ्या रुग्णालयात. तेथे कार्ड, तपासण्यांचे कागद, औषधांची यादी. ज्याने आयुष्यभर हुकूम ऐकले आणि दिले, तो म्हातारपणी खिडकीपुढे गोंधळून उभा राहतो. त्याच्या शेजारी, “काका, मी कागद धरतो, तुम्ही बसा,” असे म्हणणारा एक माणूस उभा असला, तर त्याचा अर्धा आजार हलका होतो. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांसाठी स्वयंसेवकांची संघटित योजना १९४६ पासून आहे. तेथे नागरिक आपली वेळ नोंदवून काम करतात; कित्येक जण केवळ रुग्णांना घरून रुग्णालयात नेण्या-आणण्याचे काम वर्षानुवर्षे करतात.

हे काम करताना चार पथ्ये पाळावीत. पहिले, संस्थेची रीतसर परवानगी घ्यावी. लष्करी आवार म्हणजे बाग नव्हे, आणि तेथला अधिकारी जे काम सांगेल तेच आपले काम. दुसरे, औषधपाणी आणि रुग्णाला उचलणे-बसवणे यांत शिकवल्याशिवाय हात घालू नये. चाकाची खुर्चीही विचारल्याशिवाय ढकलू नये, कारण ज्याला पाय नाहीत त्याचे ती पायच असते. तिसरे, “हे कसे झाले?” असे विचारू नये, त्याला सांगावयाचे असेल तेव्हा तो सांगेल, आपण ऐकावे. चौथे, छायाचित्रे काढू नयेत. आम्ही काढली होती, म्हणून अधिकाराने सांगतो.

कोणी म्हणतील, खडकी शहराच्या त्या टोकाला आणि आपण या टोकाला. खरे आहे. पण आपण कोठे बसलो आहो, हेही पाहा. आपल्यापुढचा हा रस्ता साताऱ्याचा. ज्या साताऱ्यात अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते, त्या जिल्ह्यातून उपचारासाठी पुण्याला निघालेला म्हातारा सैनिक एस.टी.ने याच बाजूने शहरात शिरतो. हातात कागदांची पिशवी, सोबत बहुधा तितकीच थकलेली पत्नी. वानवडीला कसे जावे, खडकीची बस कोठून मिळते, हे तो चौकात कोणाला तरी विचारतो. तो ‘कोणी तरी’ आपण व्हायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे. आमची सूचना अशी: कात्रजमधल्या इच्छुकांनी वार वाटून घ्यावेत, ज्या कुटुंबांनी आधी कळवले असेल, त्यांना उतरवून घ्यावे, रुग्णालयात पोहोचवावे, कागद होईपर्यंत थांबावे आणि परतीच्या गाडीत बसवून द्यावे. ज्यांना इतका वेळ नाही, त्यांनी आठवड्यातले दोन तास द्यावेत. तेही जमणारे नसेल तर महिन्यातून दोन तास द्यावेत, पण जो दिवस सांगितला तो सांगितला. वीस जणांनी एकदा जाण्यापेक्षा एकाने वीसदा जावे.

त्या फजितीनंतर आमच्यातले तिघे पुन्हा जाऊ लागले. सुभेदारसाहेबांनी पहिले दोन महिने आमच्यासाठी दाढी केली नाही. आम्हीही काही बोललो नाही. चार वाजता जात राहिलो. तिसऱ्या महिन्यात एका बुधवारी गेलो, तो साहेब कडक सदऱ्यात बसलेले. म्हणाले, “वाचा. अग्रलेखापासून.”

पुण्याच्या हौदांत आपल्या तलावाचे पाणी पोहोचले ते लोंढ्याने नव्हे. थोड्याशा उतारावरून, न थांबता वाहत राहिल्याने पोहोचले. घाटातले पलिते एका रात्रीत विझले. व्याख्यान संपल्यावर दाराशी एक वही ठेवली आहे. तीत नाव लिहिण्याची घाई करू नका. घरी जा, पंचांग पाहा, घरच्यांना विचारा. आणि जो वार खरोखर पाळता येईल, तोच उद्या येऊन लिहा.