पदभारापूर्वीची तयारी

(तालुक्यातील मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व ज्येष्ठ शिक्षक यांच्या उद्बोधन वर्गात शिक्षण विस्तार अधिकारी यांनी केलेले भाषण)



‘मुख्याध्यापकाची कर्तव्ये’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली होती. परंतु कर्तव्यांची यादी आपणांस पाठ आहे आणि ती पुन्हा वाचून दाखवून आपला वेळ घेणे मला प्रशस्त वाटत नाही. ती कर्तव्ये पार पाडण्याची पात्रता माणसाच्या अंगी येते कशी, ती त्याने कोणापाशी संपादन करावी आणि ती आली आहे किंवा नाही हे कोणी व कसे ठरवावे, या प्रश्नाचा आज विचार करावा असे मी योजिले आहे. वकिलाला सनद लागते, वैद्याला नोंदणी लागते. मग शाळा चालविणाऱ्याला काय लागते? आपल्याकडे या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘सेवाज्येष्ठता यादीतील क्रमांक’ असेच द्यावे लागेल.

प्रथम माझाच अनुभव सांगतो. मी १९९२ साली डी.एड. होऊन सेवेत दाखल झालो. त्या दोन वर्षांत पाठाचे टाचण काढून त्यावर मार्गदर्शक अध्यापकांची स्वाक्षरी घेतल्यावाचून सराव शाळेच्या वर्गात पाऊल टाकता येत नसे. पाठ चालू असता अध्यापक मागच्या बाकावर बसून शेरे लिहीत आणि पाठ संपल्यावर ते शेरे आम्हांस समजावून सांगत. तीस-चाळीस मुलांसमोर अर्धा तास उभे राहण्यासाठी आमची एवढी काळजी घेतली गेली. पुढे २००८ साली मी मुख्याध्यापक झालो. आठ शिक्षक आणि अडीचशेहून अधिक मुले एका दिवसात माझ्या स्वाधीन झाली. त्या कामाचा मात्र एकही सराव पाठ माझ्याकडून कोणी घेतला नव्हता.

निवृत्त होणाऱ्या गुरुजींनी किल्ल्यांचा जुडगा आणि नोंदवह्यांची थप्पी माझ्या हवाली केली. पदभार यादीवर मी तेथेच सही केली. वडीलधाऱ्या माणसासमोर धान्याची पोती मोजत बसणे मला असभ्यपणाचे वाटले. तीन महिन्यांनी तपासणी झाली, तेव्हा शालेय पोषण आहाराचा तांदूळ नोंदवहीपेक्षा दीड पोते कमी भरला. त्याची भरपाई मी माझ्या पगारातून केली. गुरुजींनी काही लबाडी केली असे मला तेव्हाही वाटले नाही व आजही वाटत नाही. सांडलवंड वर्षानुवर्षे साचत गेली होती एवढेच.

पण खरी हानी तांदळाची झाली नाही. त्या प्रसंगाने मी इतका धास्तावलो की पुढचे वर्षभर कीर्दवही, साठा नोंदवही आणि जडसंग्रह नोंदवही यांतून मी डोके वर काढले नाही. दुसरीच्या वर्गावर एक नवा शिक्षणसेवक होता. मुलगा सालस होता आणि रोज वेळेवर येत असे. वर्षअखेरीस मी त्या वर्गात बसलो, तेव्हा एकतीस मुलांपैकी एकोणीस मुलांना जोडाक्षरे सोडाच, साधे काना-मात्रांचे शब्दही वाचता येत नव्हते. मी त्याला बोलावून विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, मला जमत नाही हे दिवाळीतच कळलं होतं. पण तुम्ही सारखे हिशेबात. विचारू कसं?” त्या एकोणीस मुलांचे एक वर्ष गेले. ते कोणत्याही भरपाईच्या तक्त्यात बसत नाही. मी त्याला दोष देऊ शकलो नाही. शिक्षकाचा वर्ग कसा पाहावा, त्याची अडचण त्याला न दुखवता कशी काढून घ्यावी, हे मला कोणी शिकविले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

आता कायद्याची स्थिती पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असल्यास आणि सहावी ते आठवीसाठी शंभराहून अधिक मुले असल्यास मुख्याध्यापक असावा लागतो. पद केव्हा असावे हे अनुसूची सांगते. त्या पदावर येणाऱ्याने शाळा चालविण्याचे कोणते शिक्षण घेतलेले असावे, हे ती सांगत नाही. शिवाय आपल्या वाड्या-वस्त्यांवरील बहुतेक शाळा दोन शिक्षकी. तेथे मंजूर पद नाहीच. दोघांत जो ज्येष्ठ तो प्रभारी. म्हणजे या सभागृहातील प्रत्येक बंधुभगिनीवर हा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे.

सध्या आपल्या सर्वांच्या तोंडी विषय आहे तो शिक्षक पात्रता परीक्षेचा. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी जो निकाल दिला, त्यात पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या सेवेतील शिक्षकांना ती परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होण्यास सांगितले आणि त्याहून कमी सेवा उरलेल्यांना सेवेत राहण्याची मुभा देऊनही पदोन्नतीसाठी मात्र परीक्षा आवश्यक ठरविली. वीस-वीस वर्षे शिकविलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेस बसावे लागणे किती जड जाते, हे मी पाहतो आहे. माझ्या बीटमधील कित्येक भगिनी रात्री मुले निजल्यावर बालमानसशास्त्राची पुस्तके उघडून बसतात. त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. परंतु एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही परीक्षा शिक्षकाची पात्रता पाहते. पदोन्नतीच्या वाटेवर ती उभी केली, तरी मुख्याध्यापकाच्या कामाविषयी ती काही विचारीत नाही, आणि ती उत्तीर्ण होऊन खुर्चीवर बसणारा माणूस २००८ साली मी होतो तितकाच कोरा असू शकतो.

केरळ राज्यात थोडी निराळी प्रथा आहे. तेथे मुख्याध्यापकपदासाठी ठरावीक वर्षांच्या सेवेबरोबर राज्य लोकसेवा आयोगाच्या दोन विभागीय परीक्षांची अट नियमांत घातलेली आहे. एक परीक्षा शिक्षण अधिनियम व नियम यांची आणि दुसरी लेख्यांची. तशी परीक्षा मी दिली असती, तर दीड पोते तांदूळ कदाचित वाचला असता. दुसरीचा वर्ग वाचला असता की नाही, याची मला शंका आहे.

परदेशांत या प्रश्नाचा विचार कसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत शाळाप्रमुखाची सनद प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देते. सामान्यतः काही वर्षांचे अध्यापन, शालेय नेतृत्वातील पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालील प्रत्यक्ष काम आणि एक परीक्षा असा तो मार्ग असतो. ऐकावयास हे फार नीटनेटके वाटते. पण इलिनॉय राज्याची कथा ऐका. तेथे ‘प्रकार ७५’ या नावाने ओळखले जाणारे एक सर्वसाधारण प्रशासकीय प्रमाणपत्र होते. पदव्युत्तर शिक्षणामुळे वेतनश्रेणी वाढते, म्हणून शिक्षक तो अभ्यासक्रम करीत. प्रमाणपत्रधारक उदंड झाले, परंतु त्यांतील पुष्कळांना शाळाप्रमुख व्हावयाचेच नव्हते, आणि ज्यांना व्हावयाचे होते त्यांची तयारीही जेमतेमच होई. (आपल्याकडेही पदविका कशासाठी केली असे विचारल्यावर काही मंडळी गालातल्या गालात हसतात. ते मी येथे वाढवीत नाही.)

अखेर २०१० साली त्या राज्याने कायदा करून ते जुने प्रमाणपत्र मोडीत काढले. विद्यापीठांना आपले अभ्यासक्रम नव्याने रचून पुन्हा मान्यता घ्यावयास लावली. उमेदवारांची निवड आणि त्यांचे शिक्षण शाळा चालविणाऱ्या संस्थांच्या भागीदारीने करावे, असे बंधन विद्यापीठांवर आले. उमेदवाराने एक वर्ष प्रत्यक्ष शाळेत, अनुभवी प्रमुखाच्या हाताखाली काम करावे असे ठरले, आणि त्या कामात बालवाडीपासून बारावीपर्यंतची मुले, इंग्रजी घरची भाषा नसलेली मुले व विशेष गरजा असलेली मुले या सर्वांशी त्याचा संबंध यावा असेही ठरले. ज्यांना वर्ग न सोडता सहकारी शिक्षकांना मार्गदर्शन करावयाचे आहे, त्यांच्यासाठी ‘शिक्षक-नेता’ अशी निराळी नोंद सनदेवर ठेवली. ही शेवटची तजवीज मला विशेष आवडते. आपल्याकडे उत्तम शिक्षकाला मान द्यावयाचा तर त्याला वर्गातून उठवून कचेरीच्या खुर्चीत बसविण्यापलीकडे आपल्याला काही सुचत नाही.

इंग्लंडने २००९ साली नव्याने प्रमुख होणाऱ्यांना राष्ट्रीय पात्रता सक्तीची केली आणि २०१२ साली ती सक्ती उठविली. पात्रता राहिली, ऐच्छिक म्हणून. सिंगापूरमध्ये निवडलेल्या उमेदवारांना काही महिने पूर्णवेळ राष्ट्रीय शिक्षण संस्थेत पाठवितात. या साऱ्या अनुभवांवरून माझे मत असे झाले आहे की, सनद सक्तीची असावी की ऐच्छिक हा दुय्यम वाद आहे. उमेदवाराने जाणत्याच्या नजरेखाली ते काम काही काळ केले आहे, याची साक्ष जी सनद देते तिलाच किंमत आहे.

आपल्याकडे शिकण्याच्या सोयी अगदीच नाहीत असे कोणी म्हणू नये. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्यापैकी पुष्कळांनी केली आहे. शिक्षणशास्त्रातील एम.ए. तेथे नोकरी सांभाळून करता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्थेत २०१२ सालापासून शालेय नेतृत्वासाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे. २०१९ साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ प्रशिक्षणात शाळाप्रमुखांसाठी घटक होते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षकांप्रमाणे मुख्याध्यापकांनीही दरवर्षी पन्नास तास शिकावे अशी अपेक्षा ठेविली आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र यातील बहुतेक शिक्षण पदभार आल्यानंतरचे आहे, आणि पदविका पदभारापूर्वी केली तरी तिचा अभ्यास मुख्यतः पुस्तकाशी होतो. मागच्या बाकावर बसून शेरा लिहिणारा मार्गदर्शक कोठेच नाही.

तो मार्गदर्शक आपणच, या तालुक्यात, एकमेकांसाठी व्हावे अशी माझी विनंती आहे. त्यासाठी शिक्षकाला शाळेतून बाहेर काढू नये. आधीच शिक्षक कमी आहेत आणि त्याच्या वर्गातील मुलांचे नुकसान करून आपण कोणालाही नेता करू नये. प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्याच शाळेतील एका शिक्षकाला दर महिन्यास आपले एक काम सोपवावे आणि स्वतः शेजारी राहावे.

पहिल्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा द्यावी. त्या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांना बोलते करणे आणि मग ते बोलले तेच इतिवृत्तात उतरविणे हे वाटते तितके सोपे नाही. दुसऱ्या महिन्यात पोषण आहाराचा साठा द्यावा, आणि पोती प्रत्यक्ष मोजून, वजन करून द्यावा. माझा संकोच कोणी करू नये. तिसऱ्या महिन्यात वर्गनिरीक्षण द्यावे. हे सर्वांत अवघड. त्याची रीत थोडी सविस्तर सांगतो.

मागे बसावे. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे शिक्षकाने काय विचारले ते लिहावे, उजवीकडे मुलांनी काय उत्तर दिले आणि कोणत्या मुलाने दिले ते लिहावे. चांगले, वाईट असा एकही शब्द लिहू नये. अर्ध्या तासानंतर तो कागद शिक्षकासमोर ठेवावा. पुष्कळदा असे दिसते की उत्तरे देणारी मुले चार-पाचच होती आणि खिडकीकडच्या रांगेतून एकही नाव आलेले नाही. हे शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्यावे. आपण फक्त विचारावे, “बाई, उद्या या रांगेचे काय करू या?” हे बोलणे त्याच दिवशी व्हावे, चहाच्या वेळी झाले तरी चालेल, आणि ते शेरेबुकात मुळीच लिहू नये. ज्या दिवशी ते शेरेबुकात जाईल, त्या दिवसापासून कोणताही शिक्षक आपल्याला अडचण सांगणार नाही. मुख्याध्यापकाने हे निरीक्षण आधी स्वतः करून दाखवावे, मग दोघांनी एकाच वर्गात बसून आपापले कागद ताडून पाहावेत, आणि तिसऱ्या वेळी शिक्षकाने एकट्याने करावे.

दोन शिक्षकी शाळांत दोघांनी ही कामे आलटून पालटून करावीत. तेथे वर्ग सोडून दुसऱ्याचा वर्ग पाहणे शक्य नसते याची मला जाणीव आहे. अशा शाळांच्या भेटीच्या दिवशी केंद्रप्रमुखांनी एक वर्ग सांभाळावा व त्या शिक्षकास निरीक्षणास मोकळे करावे. ज्या केंद्रात केंद्रप्रमुखाचे पद रिक्त आहे तेथे मी स्वतः येईन, फक्त आठवडाभर आधी मला कळवावे.

या कामासाठी कोणताही नमुना छापलेला नाही व छापणारही नाही. शंभर पानी साधी वही घ्यावी. कोणते काम केले, कोठे अडले, मुख्याध्यापकांनी काय सांगितले, एवढेच त्यात लिहावे. ही वही तपासणीसाठी मागविली जाणार नाही. पहिल्या पानावर दोघांची नावे घालून ती पुढील शिक्षण परिषदेस बरोबर आणावी, म्हणजे पहिल्या महिन्यात कोणाला काय अडले यावर तेथे तासभर बोलता येईल.