खलनायकावाचून खेळ : ‘अल्टिमा’चा तिसरा व चौथा भाग



संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतकथांचा इतिहास सुमारे अर्ध्या शतकाचाच आहे. या कथांत खेळणारा एखादे पात्र धारण करतो, त्याला नाव व बळ देतो आणि त्याच्या पावलांनी एका कल्पित देशात हिंडू लागतो. या इतिहासात एकाच कर्त्याने दोन वर्षांच्या अंतराने रचलेले दोन खेळ शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला ‘अल्टिमा ३ : एक्झोडस’ (१९८३) आणि दुसरा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ (१९८५). कर्ता रिचर्ड गॅरियट. अंतराळवीर ओवेन गॅरियट यांचा हा मुलगा अमेरिकेतील टेक्सास राज्यात वाढला. तिसरा भाग प्रसिद्ध झाला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

तिसऱ्या भागाची कथा थोडक्यात सांगता येते. सोसेरिया नावाच्या देशावर पूर्वी मॉन्डेन हा मांत्रिक आणि त्याची शिष्या मिनॅक्स यांनी संकट आणले होते. त्या दोघांचे अपत्य म्हणजे एक्झोडस. खेळणाऱ्याने चार जणांचा जथा उभारावा, गुहा धुंडाळाव्यात, जहाज मिळवून ते भोवऱ्यात घालावे, बुडालेल्या भूमीतून चार पत्ते आणावेत आणि अखेर एक्झोडसच्या दुर्गात शिरून त्याचा नाश करावा. तेथे पोहोचल्यावर हा शत्रू धड राक्षसही नाही, एक प्रकारचे यंत्र आहे, असे आढळते. ते चार पत्ते योग्य क्रमाने त्यात घातले की ते नष्ट होते. रचनेच्या दृष्टीने हा खेळ बांधेसूद आहे. युद्धासाठी स्वतंत्र पट, प्रत्येक सैनिकाची वेगळी चाल, शेवटापर्यंत टिकणारी उत्कंठा, हे सारे त्यात आहे. निव्वळ खेळ म्हणून तो चौथ्या भागापेक्षा आटोपशीर आहे, हे मान्य करावयास हवे.

परंतु या देशात वागावे कसे, याविषयी तो खेळ काहीच म्हणत नाही. चोरीसाठी कळफलकावर एक स्वतंत्र कळ होती. पहारेकऱ्याला लाच देण्याची सोय होती. दुकानामागच्या पेट्या फोडून सोने पळवणे हा श्रीमंत होण्याचा सोपा मार्ग होता. पहारेकरी धावून आलेच, तर नगराबाहेर पाऊल टाकावे आणि पुन्हा आत यावे. तेच लोक त्याच जागी, काही घडलेच नाही अशा मुद्रेने उभे असत. ज्या प्रजेच्या रक्षणासाठी वीर निघाला, तिलाच लुटत लुटत तो विजयापर्यंत जाई आणि विजयाच्या क्षणी त्याच्या कीर्तीत तिळमात्र उणेपण येत नसे.

गॅरियट यांच्या स्वतःच्या संस्थेने, ओरिजिन सिस्टिम्सने, प्रसिद्ध केलेला हा पहिलाच खेळ. त्यामुळे खेळणाऱ्यांची पत्रे प्रथमच थेट कर्त्याच्या हाती पडू लागली. त्या काळी अमेरिकेतील काही धार्मिक वर्तुळांत असल्या कल्पनाखेळांविषयी संशय होता, आणि नापसंतीची पत्रेही येत. त्या आरोपांपेक्षा कर्त्याला अस्वस्थ केले ते एका साध्या गोष्टीने. लोक त्याचा खेळ कसा खेळतात हे त्या पत्रांतून त्याला दिसले. चोरी आणि हत्या हाच जिंकण्याचा जवळचा रस्ता आहे, आणि तो रस्ता आपणच आखून दिला आहे, हे त्याच्या ध्यानी आले.

चौथ्या भागात म्हणूनच खलनायक नाही. मारून संपवावयाचा असा कोणी शत्रूच नसलेली युद्धकथा, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. देश आता ब्रिटानिया म्हणून ओळखला जातो, राजा लॉर्ड ब्रिटिश सुखाने राज्य करीत आहे, आणि खेळणाऱ्याने साधावयाचे ते एवढेच की, आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावे. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनम्रता हे ते आठ. सत्य, प्रेम व धैर्य या तीन तत्त्वांच्या निरनिराळ्या मिश्रणांतून त्यांतील सात निघतात. विनम्रता तेवढी एकातूनही निघत नाही, ही मांडणीतील मोठी मार्मिक जागा आहे.

आरंभ तलवार निवडण्याने होत नाही. एक भविष्यवेत्ती पत्ते मांडून नैतिक पेच घालते. प्रत्येक पेचात दोन सद्गुण समोरासमोर उभे असतात आणि एकाला निवडले की दुसरा बाजूला सारावा लागतो. या उत्तरांवरून खेळणारा योद्धा, मांत्रिक, गवई की मेंढपाळ होणार, ते ठरते.

तथापि या खेळाचे खरे सामर्थ्य एका क्षुल्लक व्यवहारात आहे. मंत्रांसाठी लागणारी औषधी द्रव्ये, म्हणजे लसूण, गंधकाची राख, कोळ्याचे जाळे वगैरे, विकणाऱ्या स्त्रिया अंध आहेत. त्या किंमत सांगतात आणि पैसे मोजण्याचे काम गिऱ्हाइकावर सोपवतात. साठ मोहोरांच्या जागी एक ठेवली तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, पहारेकरी येत नाहीत. मात्र यंत्राने आत कोठेतरी नोंद केलेली असते. पुढे केव्हातरी राजवाड्यातील हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याकडे जाऊन आपली प्रगती विचारावी, तेव्हा तो प्रामाणिकपणाविषयी कठोर शब्दांत बोलतो. पडद्यावर आकडा कोठेही दिसत नाही. भिकाऱ्याला दान, जखमींसाठी रक्तदान, पळणाऱ्या मुक्या जनावराला जाऊ देणे, गप्पांच्या ओघात केलेली बढाई, सारे असेच नकळत जमाखर्चात पडते.

येथे मोक्षपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. सापशिडी म्हणून आज मुले जो खेळ खेळतात, त्याच्या मूळ पटावर शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे होते. महाराष्ट्रातील परंपरा त्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांना देते. परंतु मोक्षपटावर कोणत्या घरात पाऊल पडेल ते कवड्या ठरवतात. औषधी विकणाऱ्या अंध स्त्रीपुढे उभ्या असलेल्या खेळाडूला कवड्यांचा आडोसा नाही.

‘अवतार’ हा शब्द अर्थातच भारतातून उचललेला आहे आणि उचलताना त्याची दिशा पालटली आहे. अवतार म्हणजे उतरणे, ईश्वराने मनुष्यलोकात येणे. ब्रिटानियात माणूस पायऱ्या चढून अवतारपदी पोहोचतो. भारतीय वाचकाला तो अवतारापेक्षा साधक वाटेल. अध्यात्माच्या मंदिरात जपावयाचा मंत्र ‘ओम्’ आहे, शेजारी इजिप्तचे अँख चिन्ह आहे आणि वर मध्ययुगीन युरोपाचे किल्ले. या सरमिसळीला कोणी हसले तर त्याला दोष देता येणार नाही. पुढे संगणकाच्या परिभाषेत हा शब्द आणखी खाली घसरला आणि पडद्यावरील स्वतःच्या चित्राला ‘अवतार’ म्हणण्याची प्रथा पडली. पात्र धारण करणाऱ्याच्या वर्तनाशी त्या शब्दाचा जो संबंध गॅरियट यांनी जोडला होता, तो त्यात उरला नाही.

उणिवा आहेत, आणि त्या गंभीर आहेत. जेथे सद्गुण मोजला जातो तेथे तो साठवताही येतो. भिकाऱ्याला एक मोहोर दिली काय आणि पन्नास दिल्या काय, करुणेचे माप जवळजवळ सारखेच वाढते. चतुर खेळाडूंनी हे लवकरच ओळखले आणि एकेक मोहोर वाटत ते करुणावान झाले. बढाई न मारणे हेही मग विनम्रता कमावण्याचे तंत्र ठरले. शिवाय सोबतीची संख्या खेळाडूसह आठवर गेल्याने लढाया रेंगाळतात आणि शांतीच्या मार्गावरील या यात्रिकाचा बराचसा वेळ शेवटी लढण्यातच जातो.

गॅरियट यांना या मोजदादीतील धोका जाणवला असावा. १९८८ च्या पाचव्या भागात लॉर्ड ब्रिटिश बेपत्ता आहे आणि त्याच्या जागी आलेल्या ब्लॅकथॉर्नने तेच आठ सद्गुण राज्याचे कायदे म्हणून लागू केले आहेत. दान न देणाऱ्याला आणि खोटे बोलणाऱ्याला तेथे कठोर शिक्षा आहे. आणि चौथ्या भागात अवतार झालेला तो खेळाडू आता त्या राज्यात कायद्याबाहेरचा ठरून, लपतछपत फिरतो आहे.